दोन मिनिटांची पाळी



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी किमान वेतनावर किंवा नव्या कामगार संहितांवर बोलेन अशी त्यांची समजूत असणार. मी विषय कळवला, ‘परिचारिकेची परीक्षा’. दुसऱ्याच दिवशी चिटणिसांचा फोन आला. “पत्रिकेत छापताना चूक तर होत नाही ना?” मी म्हटले, चूक नाही. मी डॉक्टर नव्हे हे मला ठाऊक आहे, आणि तुम्हांलाही ते दहा मिनिटांत कळेलच. पण गेल्या दोन-तीन वर्षांत जे शिकलो, त्याने माझी झोप थोडी उडवली आहे. ते तुमच्यापुढे मांडावे एवढाच हेतू.

माझे शिक्षण सातवीपर्यंत. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा वडील गिरणीत होते. संप कधी मिटला हे आमच्या घरात कोणालाच सांगता आले नाही. वडिलांची नोकरी मात्र मिटली. आम्ही इचलकरंजीला मामांकडे आलो आणि मी यंत्रमागावर कांड्या भरू लागलो. पुढे मागावर उभा राहिलो, पुढे युनियनमध्ये आलो. औद्योगिक विवाद कायदा मी शब्दकोश मांडीवर ठेवून वाचला. एका कलमाला एक रात्र, असा हिशोब होता. तेव्हा पुस्तकाशी झुंज कशी द्यायची एवढे एक मला येते, आणि त्या बळावरच मी या विषयात शिरलो.

माझी धाकटी मुलगी परिचारिका आहे. एका खासगी इस्पितळाच्या अतिदक्षता विभागात ती काम करते. तीन वर्षांपूर्वी तिच्या इन्चार्ज सिस्टरने सांगितले की अमुक तारखेपर्यंत ‘एसीएलएस’ करून या. इंग्रजी आद्याक्षरे सोडून बोलायचे तर, हृदय बंद पडलेल्या माणसाला परत आणण्याच्या वरच्या पायरीचा हा शिक्षणक्रम. अमेरिकन हार्ट असोसिएशनने आखलेला, जगभर चालणारा. दोन दिवसांचे वर्ग, आणि प्रमाणपत्राची मुदत दोन वर्षे. दोन वर्षांनी पुन्हा परीक्षा. मला ही मुदतीची गोष्ट फार आवडली. पुढाऱ्यांनाही लावायला हरकत नाही.

पोरगी रात्रपाळी करून सकाळी घरी यायची, दोन घास खायची आणि पुस्तक घेऊन ओट्याशेजारी बसायची. पुस्तक इंग्रजीत. तिचे शिक्षण बारावीपर्यंत मराठीत आणि पुढची नर्सिंगची साडेतीन वर्षे अर्धी इंग्रजीत, अर्धी घोकंपट्टीत. एक दिवस ती वैतागून म्हणाली, “बाबा, मला सगळं येतं आणि काहीच येत नाही.” मी म्हटले, आण ते पुस्तक इकडे. मी प्रश्न विचारतो, तू मला मराठीत सांग. मला कळले नाही तर तुलाही कळलेले नाही असे धरू.

असे आम्ही सहा आठवडे केले.

पहिल्याच दिवशी माझा एक जुना गैरसमज गेला. हार्ट ॲटॅक आणि हृदय बंद पडणे या दोन गोष्टी मी एकच समजत होतो. ॲटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबते; माणूस घामाघूम होतो, छाती धरतो, पण बोलत असतो, नाडी चालू असते. हृदय बंद पडते तेव्हा माणूस कोसळतो, हाक मारली तर ओ देत नाही, श्वास थांबतो किंवा मासळीसारखा अधूनमधून तोंड उघडतो, आणि नाडी लागत नाही. पहिल्यातून दुसरे होऊ शकते. पण दुसरे झाले की घड्याळ सुरू होते. कोणी छाती दाबली नाही तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला शेकडा सात ते दहाने उतरत जाते. आता तुम्हीच गणित करा. दहा मिनिटांनी हातात काय उरते?

मग आल्या त्या मॉनिटरवरच्या रेघा. चार रेघा ओळखता आल्याच पाहिजेत. मला त्या मागाच्या भाषेत समजल्या, तशाच सांगतो. डॉक्टर मंडळींनी रागावू नये. पहिली रेघ म्हणजे ताण्याचे धागे तुटून झालेला गुंता. हृदयाचा स्नायू नुसता थरथरतो आहे, रक्त ढकलत नाही. दुसरी करवतीच्या दात्यांसारखी, एकसारखी आणि भरधाव. माग इतका वेगात सुटला आहे की कापडच उतरत नाही, आणि नाडी लागत नाही. या दोन रेघांना विजेचा शॉक. तिसरी जवळजवळ सरळ रेघ. वीजच गेलेली आहे. आणि चौथी सर्वांत फसवी. पडद्यावर रेघ छान, ठोके दिसताहेत, पण हात लावावा तर नाडी नाही. हे ऐकून मी हसलो. पोरीने विचारले, काय झाले? म्हटले, ही आमच्या ओळखीची आहे. मस्टरवर कामगार हजर, मागावर कोणीच नाही.

या शेवटच्या दोन रेघांना शॉक द्यायचा नसतो. सिनेमात सरळ रेघ दिसली की नायक-डॉक्टर शॉक देतो आणि रोगी उठून बसतो. ते खोटे आहे. शॉकने हृदय सुरू होत नाही, शॉकने ते थांबते! गुंता झाला की आपण आधी माग बंद करतो, तसे हे. एक क्षण सगळा गोंधळ थांबवायचा, म्हणजे हृदयाची स्वतःची ठोके देणारी जागा पुन्हा कारभार हाती घेते. जिथे वीजच गेली आहे तिथे माग बंद करून काय साधणार? तिथे छाती दाबणे, ॲड्रिनलीन देणे आणि कारण शोधणे. रक्त फार गेले का, प्राणवायू कमी पडला का, पोटॅशियम वरखाली झाले का, छातीत हवा कोंडली का, हृदयाभोवती पाणी साचले का, गुठळी आहे का, विष आहे का. ही कारणांची यादी इंग्रजी एच आणि टी या दोन अक्षरांवर बांधलेली आहे. पोरीने ती खडूने भिंतीवर लिहिली. आमच्या घरी सहा आठवडे भाजी चिरताना ‘पोटॅशियम’ समोर असे.

औषधांचे आकडे पाठच करावे लागतात, तिथे इलाज नाही. ॲड्रिनलीन एक मिलिग्रॅम, दर तीन ते पाच मिनिटांनी. गुंत्याच्या रेघेला शॉक देऊनही ती हटली नाही तर ॲमिओडॅरोन तीनशे, मग दीडशे. पण इथे एक गोष्ट सांगण्यासारखी घडली. तिच्या विभागातल्या एक ज्येष्ठ सिस्टर, वीस-बावीस वर्षांच्या अनुभवी, म्हणाल्या की सरळ रेघेला ॲट्रोपिन द्यायचे, आम्ही आयुष्यभर दिले. पुस्तकात ते नव्हते. आम्ही शोधले. ॲट्रोपिन पूर्वी खरोखरच दिले जाई. २०१० साली ते त्या यादीतून काढले, कारण त्याचा उपयोग होतो असा पुरावा मिळाला नाही. ठोके मंद झालेल्या, पण नाडी असलेल्या रोग्याला ते अजूनही देतात. म्हणजे बाई खोटे बोलत नव्हत्या. त्यांचे खरे जुने झाले होते. नवे शिकण्यापेक्षा जुने विसरणे अवघड, आणि अनुभवी माणसाला तर ते अपमानासारखे वाटते. हे नियम वरचेवर तपासले जातात. २०२५ च्या ऑक्टोबरातही नवे आले. त्या सिस्टरही परीक्षेला बसल्या आणि पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण झाल्या, हे सांगायला हवे.

पण माझे मन खरे गुंतले ते छाती दाबण्याच्या नियमात. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, मोठ्या माणसाची छाती निदान पाच सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, आणि प्रत्येक दाबानंतर ती पुरती वर येऊ दिली पाहिजे. मध्ये थांबायचे ते दहा सेकंदांच्या आत. आम्ही लोडावर सराव केला. मी मागावर बारा-बारा तास उभा राहिलेला माणूस. दीड मिनिटात खांदे भरून आले. आणि पुस्तक म्हणते, दर दोन मिनिटांनी दाबणारा बदला. थकला असेल तर त्याआधीच बदला. “मी अजून दमलो नाही” असे तो म्हणाला तरी बदला, कारण आपला दाब उथळ होत चालला आहे हे दमणाऱ्याला स्वतःला कळत नाही.

मंडळी, आठ तासांच्या दिवसासाठी माणसांनी किती डोकी फोडून घेतली हे तुम्हांला ठाऊक आहे. थकलेल्या हाताचे काम बिघडते हे मालकाला पटवण्यात आमची हयात गेली. आणि इथे, छापील पुस्तकात, दोन मिनिटांची पाळी! पोरीला मी म्हणालो, हे पान मला दे, मी वाटाघाटीला घेऊन जातो. ती म्हणाली, “बाबा, ज्या वॉर्डात रात्री दोनच सिस्टर असतात तिथे पाळी कोणाशी बदलायची?” याचे उत्तर पुस्तकात नव्हते.

ही छाती दाबण्याची युक्ती कोठून आली, तेही ऐका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत घरोघर वीज आली आणि खांबांवर चढणारे तारवाले शॉक लागून मरू लागले. वीज कंपन्यांनी संशोधनाला पैसा दिला. त्यातून बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम कौवेनहोवेन नावाचे विजेचे अभियंते या प्रश्नाला लागले. डॉक्टर नव्हे, अभियंते. कुत्र्यांवर प्रयोग चालू असता त्यांचा तरुण सहकारी गाय निकरबॉकर याच्या लक्षात आले की शॉकचे जड पत्रे छातीवर दाबले की, शॉक देण्याआधीच, रक्तदाब थोडा वर चढतो. त्या एवढ्याशा निरीक्षणातून, शल्यविशारद जेम्स ज्यूड यांच्यासह, १९६० साली त्यांनी बाहेरून छाती दाबण्याची रीत प्रसिद्ध केली. त्याआधी छाती चिरून हृदय हातात घ्यावे लागे. या रीतीला हत्यार लागत नाही, दोन हात पुरतात. तेव्हा कौवेनहोवेन चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. त्याच सुमारास नॉर्वेतल्या आसमुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्याने सरावासाठी माणसाएवढी बाहुली तयार केली. म्हणजे या विद्येच्या मुळाशी मेलेले तारवाले आहेत, अभियंता आहे आणि खेळणीवाला आहे. एकट्या डॉक्टरांची मक्तेदारी ती कधीच नव्हती.

आणि परिचारिकांची गोष्ट तर अजून वेगळी. साठ सालानंतर हृदयरोग्यांसाठी वेगळे विभाग निघाले, मॉनिटर आले. पण रेघ बिघडलेली दिसली की सिस्टरने काय करायचे? डॉक्टरला बोलवायचे. डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर. तो येईतो रोगी गेलेला. फिलाडेल्फियात डॉ. लॉरेन्स मेल्टझर यांनी १९६३ च्या सुमारास विचार केला की जी बाई चोवीस तास खाटेशी आहे तिलाच रेघ वाचायला आणि शॉक द्यायला का शिकवू नये? रोझ पिनिओ या परिचारिकेने ती जबाबदारी उचलली. आज हे साधे वाटते. त्या काळी शॉकचे यंत्र सिस्टरच्या हाती देणे म्हणजे कायद्याचा आणि मानापमानाचा मोठा प्रश्न होता. पुढे त्या दोघांनी आणि डॉ. किचेल यांनी मिळून १९६५ साली परिचारिकांसाठी पुस्तकच लिहिले. माझी पोरगी ओट्याशेजारी जे शिकत होती त्याची सुरुवात तिथे आहे, असे मला वाटते.

आता परीक्षेकडे वळतो. लेखी भाग पन्नास प्रश्नांचा, पास व्हायला शेकडा चौऱ्याऐंशी गुण. वर्गाला जाण्याआधीही एक चाचणी, तिला सत्तर. पण खरी भीती शेवटच्या प्रसंगाची. एक बाहुली, एक मॉनिटर, सहा माणसे. एक छाती दाबणार, एक श्वास देणार, एक शॉकचे यंत्र सांभाळणार, एक औषध, एक वेळ आणि नोंद, आणि एक नायक. आणि परीक्षार्थी पाळीपाळीने नायक. नायकाने हात लावायचा नाही. उभे राहून सगळे पाहायचे आणि सांगायचे. आदेश मिळाला की ऐकणाऱ्याने तो मोठ्याने परत म्हणायचा, काम झाले की “झाले” सांगायचे. “ॲड्रिनलीन एक मिलिग्रॅम द्या.” “ॲड्रिनलीन एक मिलिग्रॅम देते.” “दिले, नऊ वाजून चार मिनिटे.” आमच्या बैठकांत ठराव असे वाचले असते तर निम्मी भांडणे झाली नसती.

औषधे पाठ झाली, रेघा ओळखता येऊ लागल्या, पण इथे पोरगी अडली. तिला आज्ञा देता येईना. नर्सिंगच्या पहिल्या दिवसापासून तिला शिकवले होते की ऐकायचे. ‘हो सर, लगेच सर’. आणि पुस्तक म्हणते की नायक चुकला तर शेवटच्या माणसानेही बोलले पाहिजे, आणि असे बोलले पाहिजे की त्याला ऐकता येईल. मग मी झालो मोठा डॉक्टर. खुर्चीत ताठ बसून, आवाज चढवून म्हणालो, “सिस्टर, शॉक द्या!” समोर कागदावर सरळ रेघ काढलेली. पहिल्या दिवशी तिने मान खाली घातली. मी तिचा बाप, कागदावर पेन्सिलीची रेघ, आणि तरीही तिच्या तोंडून शब्द फुटेना! मालकासमोर पहिल्यांदा बसलेल्या कामगाराचा चेहरा मी शेकडो वेळा पाहिला आहे. तोच चेहरा माझ्या घरात होता.

आम्ही एक वाक्य बनवले. “सर, ही सरळ रेघ दिसते आहे. दाब चालू ठेवून ॲड्रिनलीन देऊ या का?” उद्धटपणा नाही, लाचारीही नाही. आधी दिसते ते सांगायचे, मग करायचे ते सुचवायचे. हे वाक्य तिने चाळीस-पन्नास वेळा म्हटले. शेवटी शेवटी तर मी चहात साखर जास्त घातली की ती म्हणे, “सर, हा दुसरा चमचा दिसतो आहे.”

वर्गाला जायच्या आधी एक कटकट झाली, तीही सांगतो. इस्पितळाने परीक्षा सक्तीची केली, पण फी नर्सने भरायची. ती तिच्या पगाराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढी. दोन दिवस रजेतून कापायचे. आणि प्रमाणपत्राची मूळ प्रत कार्यालयाच्या कपाटात राहणार, म्हणजे पोरगी दुसरीकडे जाऊ नये! विद्या तिची, मेहनत तिची, पैसा तिचा आणि कुलूप त्यांचे. ते इस्पितळ कोणते हे सांगत नाही. ही तऱ्हा एकाच ठिकाणची नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून नेमलेल्या समितीने, पन्नास खाटांच्या आतल्या खासगी इस्पितळातही परिचारिकेला महिना वीस हजारांपेक्षा कमी देऊ नये, अशी शिफारस केली होती. शिफारस शिफारशीच्या जागी आहे. आम्ही अकरा सिस्टरांच्या सह्यांचे पत्र दिले, तीन बैठका झाल्या. रजा परत मिळाली, मूळ प्रमाणपत्रे हातात आली. फीचा मात्र अर्धाच भाग सुटला. माझ्या मते हा विजय नव्हे. पण पुढच्या वेळेला आम्ही तिथून सुरू करू.

परीक्षेत ती लेखीत उत्तीर्ण झाली. नायकाच्या प्रसंगात पहिल्यांदा नापास. कारण ऐका. दाबणारी मुलगी दमलेली दिसली, तेव्हा ‘बदला’ असे सांगण्याऐवजी ही स्वतःच गुडघे टेकून दाबू लागली. नायक खाली वाकला की मॉनिटरकडे पाहणारे कोणी राहत नाही. तेवढ्यात रेघ बदलली आणि कोणाच्या ध्यानात आले नाही. त्याच संध्याकाळी दुसरी संधी मिळाली, आणि निभावले. घरी येऊन म्हणाली, “उभं राहून नुसतं बघणं किती कठीण आहे, बाबा.” मला हे सत्तावीस वर्षे युनियनमध्ये काढून समजले होते.

आता मी ज्यासाठी हा विषय घेतला ते सांगतो.

२००९ च्या मे महिन्यात, एका कारखान्याच्या दारावर आमची द्वारसभा चालू होती. मी बोलत होतो. पुढच्या रांगेत बसलेला आमचा एक जुना माग कामगार, पन्नाशीचा, एकदम आडवा झाला. लोक म्हणाले, ऊन लागले. मी माईक सोडून धावलो. कोणी चप्पल हुंगवली, कोणी कांदा आणायला पळाले, कोणी तोंडावर पाणी मारले. मी ओरडत होतो, “हवा येऊ द्या, बाजूला व्हा!” तो मध्येच आचका दिल्यासारखे तोंड उघडे. आम्ही म्हणालो, श्वास चालू आहे, घाबरू नका. तेव्हा महाराष्ट्रात १०८ ची गाडी नव्हती. ती २०१४ साली आली. रिक्षा मिळायला वेळ गेला. इस्पितळात पोचलो तेव्हा वीस-पंचवीस मिनिटे झाली होती. दीडशे कामगार तिथे होते. तीनशे हात. एकाही हाताने त्याची छाती दाबली नाही.

दहाव्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने विचारले, “भाऊ, काही करता आलं असतं का?” मी म्हणालो, “नाही, वहिनी. वेळच भरली होती.” मी ते समजुतीने म्हटले होते, खोटे म्हणून नव्हे. मला त्यापेक्षा जास्त ठाऊकच नव्हते.

चौदा वर्षांनी पोरीच्या पुस्तकात मी ते मासळीसारखे तोंड उघडणे वाचले. तो श्वास नव्हे. तीच तर हृदय थांबल्याची खूण. त्या दिवशी मी पुस्तक मिटले आणि तिला सगळे सांगून विचारले, तो वाचला असता का? चांगल्या इस्पितळातही हृदय बंद पडलेल्यांपैकी बहुतेक वाचत नाहीत, हे तिने मला आधीच सांगितले होते. ती बराच वेळ गप्प राहिली. म्हणाली, “सांगता येत नाही, बाबा. पण ‘नाही’ असंही सांगता आलं नसतं.”

गेल्या दिवाळीत मी वहिनींकडे गेलो. त्यांनी चहा ठेवला, नातवाचे कौतुक सांगितले. मी तासभर बसलो आणि काही न बोलता उठून आलो. मालकांपुढे मी कधी अडखळलो नाही. तिथे अडखळलो. आज तुमच्यापुढे बोललो. त्यांच्यापुढे बोलणे राहिले आहे.

परिचारिकेची वरची परीक्षा आपल्याला द्यायची नाही. रेघा आणि औषधे त्यांच्यापाशी राहू देत. पण त्या परीक्षेची सारी इमारत ज्या पायावर उभी आहे तो पाया सर्वांचा आहे. आपल्या देशातल्या भूलतज्ज्ञांनी २०१७ साली सामान्य माणसासाठी सोपी रीत सांगितली आहे, नुसती छाती दाबण्याची. तोंडाने श्वास द्यायचा संकोच नको. हाक मारा, खांदा हलवा, श्वास पाहा, कोणाला तरी १०८ लावायला सांगा आणि दाबायला लागा. छातीच्या मधोमध, तळहाताचा मागचा भाग, कोपर सरळ. आणि दोन मिनिटांनी शेजाऱ्याला बोलवा.

अध्यक्षांच्या परवानगीने, व्यासपीठाच्या उजव्या हाताला दोन बाहुल्या सतरंजीवर ठेवल्या आहेत. एक टेबलावरही आहे, ज्यांना गुडघे टेकता येत नाहीत त्यांच्यासाठी. चार सिस्टर आल्या आहेत; त्यांतल्या दोघी आता रात्रपाळीला जाणार आहेत, तेव्हा त्यांच्यापाशी पाऊण तास आहे. माझी मुलगी घड्याळ धरील. पहिल्या रांगेतल्या मंडळींनी आधी यावे. भाषण संपले म्हणून चपला शोधायला जाऊ नये.